दिलेला आकडा

२१ सप्टेंबर, रविवार

दिवा लावून बाहेर आलो तर आबा कोट-टोपी घालून जिन्याखाली बसलेले. "चाल, गाडी पाह्यले." जुलैत गावाहून इथे आल्यापासून त्यांनी एक सकाळ चुकवलेली नाही. डब्लिनच्या कडेला, ओंगारमधल्या आमच्या घरापासून कालवा वीस मिनिटांवर. कालव्याला लागून रूळ, स्टेशनाशेजारी फाटक. आपोआप खाली येणारे दांडे, लाल दिवे, घंटी. माणूस नाही.

आबा, माझे वडील, बत्तीस वर्षं गेटमन होते, अकोल्याकडच्या मेन लाइनवर. माणसाशिवाय फाटक ही गोष्ट त्यांना अजून पटत नाही. आज पुन्हा, "स्टेशनमास्तरशी बोलते कोन?" म्हटलं, कॅमेरा आहे आबा, लांब एका खोलीत बसून माणूस बघतो. "मंग हाये ना मानूस!" समाधान झालं.

मागच्या गल्लीतल्या नोरा भेटल्या, कुत्र्याला घेऊन. वय ऐंशीच्या पुढे. आबांना रोज हवामान सांगतात, आबा रोज मान डोलावतात. आज म्हणाल्या, आधी कालवा आला, मग त्याच्याच काठाने रूळ, रुळाच्या काठाने तारा. त्यांच्या आजीने पश्चिमेकडे फाटक सांभाळलं होतं, रुळाकाठच्या दोन खोल्यांत, नऊ मुलं वाढवत. आबांना सांगितलं.

"बाईमानूस फाटकावर?" मग पाचेक मिनिटांनी, "रातपाळी कोन करे?"

नोरा म्हणाल्या, आजीच. दुसरं कोण?

आबांनी त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. नोरांनीही केला, कुत्र्याची दोरी बोटांत तशीच. बरं वाटलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

लेक इरा सतराची, शाळेचं शेवटचं वर्ष. इतिहासाचा मोठा प्रकल्प द्यायचा आहे. विषय तिने स्वतः निवडला: एकोणिसाव्या शतकातली रेल्वे, तार आणि टपाल; त्यांनी राष्ट्र कसं वाढवलं. निवडला तो भांडायला. जेवताना सुरू. (ती बोलते इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. मी आपलं मराठीत लिहितो.)

"वाढलं कोण पण? इथून गुरं गेली, धान्य गेलं, मग माणसंच गेली, बोटीपर्यंत रेल्वेने. आपल्याकडून कापूस गेला. आपल्यासाठी कुणी नाही बांधलं ते."

माझी बायको वै. म्हणाली, "पोळी गार होतेय. साम्राज्याचं नंतर बघू."

मी म्हटलं, गावच्या शाळेत सातवीपर्यंतच होतं. पुढचं शिक्षण आबांच्या पासावर, पॅसेंजरने तालुक्याला जाऊन. कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र टपालाने आलं. मला तर त्यांनीच वाढवलं.

"ते तू, बाबा. राष्ट्र नाही."

खरं आहे तिचं. पण राष्ट्र म्हणजे तरी कोण, एकेक करून कुणीतरी पॅसेंजरमध्ये चढलेलंच ना… 

सरांनी तिला सांगितलंय, पुस्तकांबरोबर एक जिवंत साक्षीदार घे. रविवारी आबांची मुलाखत. दुभाष्या मी. तिला आईचं पुणेरी मराठी कळतं, आबांचं वऱ्हाडी नाही. त्यातून आबांचे पुढचे दात गेलेले.

२८ सप्टेंबर, रविवार

मुलाखत छान झाली. आबा मनापासून बोलले. इराने फोनवर रेकॉर्ड केलं. चहा, शंकरपाळे. पाऊस नव्हता.

३० सप्टेंबर, मंगळवार

आमच्या कारखान्यात इंजेक्शनची औषधं बनतात. आज नोंदवहीत मी वेळ चुकीची लिहिली, सव्वादहाऐवजी सव्वाअकरा. नियम साधा: खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकीवर एकच रेघ, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी बरोबर वेळ, सही, तारीख, कारण. शेजारच्या टेबलावरचा डेक्लन म्हणाला, "चूक केलीस त्याचं काही नाही रे. लपवलीस तर मात्र संपलास."

बावीस वर्षं हेच करतोय, हेच नव्या लोकांना शिकवतोय. आज हात थांबला.

राहिलेलं लिहिणंही नियमातच बसतं. त्याला उशिराची नोंद म्हणतात. तर २८ तारखेची उशिराची नोंद:

इराने विचारलं, दुसऱ्या कुणाच्या यंत्राची आयुष्यभर चाकरी केली असं कधी वाटलं का? मी आबांना म्हटलं, "ती विचारते, त्या कामाचं कधी वाईट वाटलं का?" इथपर्यंत ठीक.

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग बोलले ते असं, जसं आठवतं तसं:

"एक डाव. मास्तरनं फोनवर गाडी सांगतली, म्या फाटक लावलं, बंद हाये म्हनून नंबर देल्ला. तेवढ्यात जीप आली. जीपमंदी माही बायको, तिच्या मांडीवर हा. सहा वर्साचा. पान लागलं होतं याले. सारे म्हनत, खोल ना बा, गाडी कुठी दिसते? गाडी दिसत नव्हती. पन देल्ला नंबर फिरवता येत नाई. म्या खोललं नाई. पाठमोरा उभा रायलो. वळलो असतो त खोललं असतं. मालगाडी गेली, मंग खोललं. हा वाचला, ते देवाचं. पन म्या केलं ते बराबर का चूक, हे आजलोक मले कोनं सांगतलं नाई. पोरगी शिकली हाये. तिले इचार."

'हा' म्हणजे मी. साप चावल्याचं आईकडून ऐकलं होतं, फाटकाचंही. आबांच्या तोंडून पहिल्यांदा.

इरा माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, "आबा म्हणतात, काम चांगलं होतं. रेल्वेमुळे शाळा मिळाली, डॉक्टर मिळाला."

"आणि जीप? जीप म्हणाले ना?"

"गावात एक जीप होती."

कारण: तिने आबांना निर्दय म्हणू नये म्हणून. दुसरंही कारण असेल. ते आज लिहवत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आबा सकाळी फाटकाकडे गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

नोकरीत होते तेव्हा दसऱ्याला ते दोन झेंड्यांची आणि हातदिव्याची पूजा करायचे. झेंडूचं एक फूल दिव्याच्या कडीत. आज वै.ने पाटावर माझा पाना, तिचा लॅपटॉप, इराचं पेन ठेवलं. आबा म्हणाले, "पोरीच्या फोनलेबी ठेव. माहा आवाज हाये त्यात." फोनला कुंकू त्यांनी स्वतः लावलं नाही, इराला लावायला सांगितलं. तिने लावलं, हसत. आबा तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मागून मला हळूच, "काही म्हटलं का तिनं?"

म्हणालो, अजून विचार करतेय आबा.

"हं. समजलं."

त्यांना काय समजलं ते मलाही समजलं. विचारून चार दिवस झाले, नात बोलत नाही, म्हणजे नातीने निकाल दिला.

५ ऑक्टोबर, रविवार

इराने कच्चा मसुदा वाचून दाखवला. चांगलं लिहिते. एक परिच्छेद नोरांचाही आहे: त्यांच्या आजीची बहीण सतराव्या वर्षी अमेरिकेला निघाली तेव्हा छोट्या स्टेशनावर माणूस मेल्यासारखं रडले सगळे. नंतर आयुष्यभर फक्त पत्रं. ज्या रुळाने मुलगी नेली, त्याच रुळाने पत्रं आणली. "आम्ही रेल्वेला शिव्या द्यायचो आणि पोस्टमनची वाट बघायचो," हे नोरांचं वाक्य.

मग आबा. 'काम चांगलं होतं, रेल्वेमुळे शाळा आणि डॉक्टर मिळाला, असं निवृत्त गेटमन सांगतात.' त्याखाली इराचं: ज्यांना राबवलं त्यांना कृतज्ञ राहायलाही शिकवलं गेलं.

मी दिलेल्या एका खोट्या ओळीवर तिने आबांना भोळा म्हातारा करून टाकलं. वाचवायला गेलो होतो.

"बाबा, एक विचारू? आबा चार मिनिटं बोलले. तू एक ओळ सांगितलीस."

"म्हातारी माणसं तेच तेच बोलतात."

"ग्रँड," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. इथे 'ग्रँड' म्हटलं की बोलणं संपलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संकष्टी

चंद्रोदयाचा घोळ दर महिन्याला. वै.ने देशातून आणलेल्या दिनदर्शिकेतली वेळ तिथली. आबांनी ती पाहून साडेचार तास घड्याळ मागे मोजलं आणि भर दुपारी उकडीच्या मोदकाला हात घातला. वै. ओरडली, "आबा, अहो अजून चंद्र कुठाय?" इराने फोनवर इथली वेळ काढून दाखवली, संध्याकाळची. मग तिनेच सांगितलं की रेल्वे यायच्या आधी गावोगाव वेगळी वेळ असायची, ज्याचा सूर्य त्याचं घड्याळ. डब्लिनचं घड्याळ पूर्वी लंडनच्या पंचवीस मिनिटं मागे होतं. गाड्या आणि तारा आल्या, तशी हळूहळू सगळ्यांची घड्याळं जुळवावी लागली.

मी हे आबांना सांगितलं, एकही शब्द न गाळता. आबा म्हणाले, "चंद्राले नाई लागत रेल्वेचं टाइम." इरा खूप हसली. किती दिवसांनी दोघं एकमेकांकडे बघून हसले.

हसून झाल्यावर आबांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. चंद्र ढगातच राहिला, वेळ बघून उपास सोडला. आबांनी दोन घास खाल्ले.

ओट्याशी वै.ने विचारलं, "सोळाला निघायचेत ते. हे असे निघणार? काय झालंय?" सांगितलं सगळं. ती ताट पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "तुला निरोप पोचवायला बसवलं होतं. न्याय द्यायला नाही."

देवापुढे बसलो. 

१२ ऑक्टोबर, रविवार

इराला घेऊन कालव्यावर गेलो. बाकावर बसून सांगितलं. आधी तिने विश्वास ठेवला नाही, मग लाल झाली.

"म्हणजे मी खोटा पुरावा लावलाय? आबांच्या नावावर?"

हो.

"आणि ते दोन आठवडे माझ्या उत्तराची वाट बघतायत? म्हणून बोलत नाहीत माझ्याशी? मला वाटलं मी दसऱ्याला काहीतरी चुकीचं केलं!"

रडली. तिला जवळ घ्यायला गेलो, तिने हात झटकला. कुत्रं घेऊन नोरा समोरून येत होत्या, आम्हाला बघून वळून दुसऱ्या काठाने गेल्या. शहाणी बाई.

मग तिने फोन काढला. "एकेक वाक्य. जसंच्या तसं." मी सांगायचं, तिने मराठीत परत म्हणून दाखवायचं, मी हो म्हटलं की पुढचं. असं आबा आणि मास्तर करायचे. लहानपणी गेटच्या खोलीत बसून ऐकलंय: मास्तर गाडी सांगणार, आबा तेच शब्द परत बोलणार, फाटक लावून दोन आकड्यांचा खाजगी नंबर देणार, मास्तर तो परत बोलणार, दोघं आपापल्या वहीत लिहिणार. तो आकडा गेला की फाटक बंद म्हणजे बंद, गाडी जाईपर्यंत. आबा म्हणायचे, गाडी काय, डबे हायेत. तिकडचा मास्तर माह्या आकड्यावर इस्वास ठेवते, म्हनून चालते ते.

चार मिनिटांना पाऊण तास लागला. 'वळलो असतो त खोललं असतं' हे तिने तीनदा म्हटलं. बरोबर येईपर्यंत.

"आता ऐकलंस. आबांचा प्रश्न तुला आहे," मी म्हटलं.

"मला आहेच. पण जीपमध्ये मी नव्हते, बाबा."

२८ सप्टेंबरच्या पानावर 'मुलाखत छान झाली' यावर आज एक रेघ मारली. सही, तारीख. कारण: निरोप पोचवला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेआधी इरा आमच्याबरोबर फाटकावर आली. आबा, मी, ती. रस्त्यात मी आबांना सांगितलं की तुमचा प्रश्न तिला परवाच कळला, आधी मी दिलाच नव्हता. चूक माझी.

आबा चालायचे थांबले. मला वाटलं रागावतील. "मंग ती रागात नव्हती?"

नाही आबा.

"मास्तरनं असं केलं असतं त नोकरी गेली असती त्याची," एवढंच म्हणाले. आणि गुडघा विसरून भराभर चालू लागले.

घंटी वाजली, दांडे खाली आले. आबा सवयीने ताठ झाले. गाडी गेली. इरा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मराठीत बोलली. रात्री आईकडून पाठ करून घेतलं असावं, पण शब्द तिचेच.

"आबा, मी ऐकलं. सगळं. मला अजून माहीत नाही बरोबर की चूक. मी खोटं खोटं बरोबर म्हणणार नाही. मी अजून वाचते, मग लिहिते, मग सांगते. चालेल?"

आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सगळं कळलं होतं त्यांना. "चालते. घाई नाई. एवढी वर्सं थांबलो." मग बोट वर करून, "पन नंबर दे."

"कसला नंबर?"

"सांगतो म्हटलं ना तू? मंग नंबर दे."

ती गोंधळली. मग म्हणाली, "सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस," आबांनी परत म्हटलं. कोटाच्या खिशातून पेन्सिल आणि गाडीचं जुनं तिकीट काढलं, त्याच्या मागे लिहिलं. पाठीवर थाप मारावी तसं तिच्या दप्तरावर मारलं. "जाय आता शायेत."

ती गेल्यावर आम्ही दोघंच. मनात होतं ते बोलायला हीच वेळ होती. म्हणालो, "आबा, तुम्ही त्या दिवशी उघडलं असतं तर…"

"ते नाई इचारलं म्या," आबा म्हणाले.

मग दुसरी गाडी येईपर्यंत थांबलो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आबांना विमानतळावर सोडलं. दिवाळी त्यांना गावीच हवी. चाकांच्या खुर्चीत बसायला तयार नव्हते. खुर्ची ढकलणारा माणूस म्हणाला, बसा हो, माझी नोकरी आहे ती. मी सांगितलं, तसे लगेच बसले.

नोरांनी त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे दिले होते. ते त्यांनी बुटांवरून कसे दिसतील म्हणून पाहिले.

इराने वाकून नमस्कार केला. "सत्तेचाळीस," आबा म्हणाले. "सत्तेचाळीस," ती म्हणाली.

माझ्या डोक्यावर हात ठेवला. तळहात अजून खरखरीत आहे.  

आईच्या मांडीवरून काय दिसलं होतं ते घरी येताना गाडीत आठवत होतो. जीपची पिवळी सीट. फाटकाचे पांढरे-लाल पट्टे. त्यापलीकडे आबांची पाठ, हातात हिरवा झेंडा. खूप वर्षं मला वाटायचं की त्यांना माहीतच नव्हतं मी आत आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज इथली घड्याळं एक तास मागे गेली. वै.ने ओव्हनचं लावलं, भिंतीवरचं माझ्यावर सोडलं.

इराने मसुद्यातून खोटी ओळ काढली. नुसती काढली नाही, टीप घातली: आधीच्या मसुद्यातलं भाषांतर चुकीचं होतं, दुभाष्याने दुरुस्त केलं. माझं नाव नाही, 'दुभाष्या' एवढंच. 'कृतज्ञ राहायलाही शिकवलं गेलं' हे वाक्य मात्र ठेवलंय, आबांपासून दूर, दुसऱ्या पानावर. म्हणाली, ते मला अजून खरंच वाटतं. वाटू दे. शेवटचं पान कोरं आहे.

दुपारी आबांचा फोन. गावी पाडव्याला सगळे जमले होते, थंडी सुरू झाली, नोराबाईचे मोजे घालून झोपतात. किती हजार मैलांवरून आवाज, आणि जसा शेजारच्या खोलीतून. या तारेचं, तार नसलेल्या तारेचं, मला अजूनही नवल वाटतं. ज्यांनी पहिली तार समुद्राखालून टाकली आणि ज्यांनी ती ओढली त्यांचं भलं होवो. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. माझा बाप माझ्याशी बोलतोय.

आधी इराला मागितलं. "नंबर?"

"सत्तेचाळीस, आबा. वाचतेय अजून."

"वाच वाच."

मग फोन माझ्याकडे आला. हवापाणी झालं, औषधं झाली.  तिकडे लांबून मालगाडी गेल्याचा आवाज येत होता, गावाकडचं आमचं घर रुळापासून फार दूर नाही. गाडी जाईपर्यंत दोघंही थांबलो.

"आबा," मी म्हणालो, "मलाही सांगायचंय. तुमच्या त्या प्रश्नाचं."

"मंग नंबर दे."

इरा समोर बसली होती. देवापुढचा दिवा अजून तेवत होता. मी आकडा सांगितला. आबांनी तो परत म्हटला आणि लिहून घेत असावेत, कारण पेन्सिलीचा आवाज आला.

इथे लिहीत नाही. तो खाजगी असतो.